नादिराचा गाऊन

१६ सप्टेंबर २०१७, शनिवार. दुपारी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओत आग लागली. टीव्हीवरच्या एका नृत्यस्पर्धेचा सेट पेटला आणि बघता बघता मुख्य स्टेजची राख झाली. त्या दिवशी तिथे चित्रीकरण नव्हतं, जीवितहानी झाली नाही, त्यामुळे बातमी दोन दिवसांत मागे पडली. राज कपूर यांच्या चित्रपटांतले पोशाख त्या स्टुडिओत सांभाळून ठेवलेले होते. ते त्या आगीत गेले. स्टुडिओ पुन्हा बांधता येईल, हे कपडे पुन्हा मिळणार नाहीत, अशी हळहळ ऋषी कपूर यांनी तेव्हा जाहीरपणे व्यक्त केली. १९४८ साली उभा राहिलेला स्टुडिओ पुन्हा बांधला गेलाच नाही. २०१९ मध्ये ती जमीन गोदरेज प्रॉपर्टीजने विकत घेतली.

चित्रपटाची रिळं जळाली की इतिहास जळाला असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. कपडे जळाल्यावर मात्र आपल्याला तसं वाटत नाही. मला ते वाटतं, आणि त्यामागचं कारण एका गाऊनपाशी येऊन थांबतं. राज कपूर यांच्या १९५५ च्या ‘श्री ४२०’मध्ये अभिनेत्री नादिराने घातलेला तो गाऊन. अंगासरसा बसलेला, झगमगणारा, हातात लांब सिगारेट-होल्डर. हिंदी चित्रपटातला इव्हिनिंग गाऊन म्हटलं की आजही हीच आकृती डोळ्यांपुढे येते. तो गाऊन काढला होता कोल्हापूरच्या एका मुलीने, आणि तेव्हा तिचं वय होतं पंचवीस-सव्वीस.

भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये. जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. घराणं राजपुरोहितांचं, पण वडील अण्णासाहेब रमले चित्रकलेत आणि छायाचित्रणात. बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केलं. त्या वर्षी कोल्हापुरात काय चाललं होतं ते बघा. भानुमतीच्या जन्मानंतर महिन्याभराने, १ जून १९२९ रोजी, त्याच शहरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. त्याआधी दहा-बारा वर्षं बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथे चित्रपट काढत होती. चित्रपट काढायचा तर पडदे रंगवायला, मुकुट घडवायला, शेले-पितांबर बेतायला माणसं लागत, आणि ही माणसं गावातल्याच गल्ल्यांतून येत. पोशाख ही चित्रकाराने विचार करावा अशी गोष्ट आहे, हे मुंबईला कळायच्या आधी कोल्हापूरला कळलेलं होतं.

याच कोल्हापुरात १९३८ मध्ये हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ तयार झाला. लेखन आचार्य अत्रे यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि सगळ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिवलेल्या पाश्चात्त्य कपड्याने मराठी पडद्यावर केवढी उलथापालथ होऊ शकते, याचं ते पहिलं मोठं उदाहरण. भानुमती तेव्हा नऊ वर्षांची होती.

कोल्हापूरच्याच परिसरातून आणखी एक स्त्री याआधी पाश्चात्त्य पोशाखाच्या जगात गेली होती, पण राजघराण्याच्या वाटेने. कागलच्या घाटगे घराण्यातली संयोगितादेवी इंदूरच्या यशवंतराव होळकरांची महाराणी झाली. मान रे यांनी या दोघांची छायाचित्रं घेतली, बर्नार बुते द मोंव्हेल यांनी चित्रं रंगवली. एकार्ट मुथेसियस यांनी इंदुरात त्यांच्यासाठी माणिकबाग हा राजवाडा बांधला. संयोगितादेवी १९३७ मध्ये गेल्या, पंचविशीही न गाठता. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोंते कार्लोला लिलावात विकलं गेलं आणि ते आज जगभरच्या संग्राहकांकडे आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी-कला संग्रहालयाने त्या घरावर आख्खं प्रदर्शन भरवलं. खुर्च्या, दिवे, गालिचे यांना किंमत आली, कारण ते कोणी घडवले याची नोंद होती. गाऊनच्या बाबतीत हीच नोंद आपल्याकडे झाली नाही, हे माझं दुखणं आहे.

भानुमती लहान असतानाच वडील गेले. पुढे ती मुंबईला आली आणि सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकली. ‘लेडी इन रिपोज’ या चित्रासाठी १९५१ मध्ये तिला उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. हुसेन, गायतोंडे ही त्या वर्तुळातली नावं, आणि त्यांच्याबरोबर चित्रं मांडणारी ती एकटी स्त्री. ती तिथेच राहिली असती तर आज तिची चित्रं भारतीय आधुनिक कलेच्या प्रत्येक इतिहासात असती. पण घरी पैसे पाठवायचे तर नियमित काम हवं होतं. ‘फॅशन अँड ब्युटी’ आणि नंतर ‘ईव्ह्ज वीकली’ या नियतकालिकांसाठी ती पोशाखांची चित्रं काढू लागली. ‘ईव्ह्ज वीकली’च्या संपादिकेने एक बुटीक सुरू केलं आणि तिला सुचवलं की नुसती चित्रं कशाला, कपडेच करून बघ.

या एका सूचनेने तिचा मार्ग बदलला. बुटीकमध्ये चित्रपटातल्या बायका येऊ लागल्या. कामिनी कौशल यांचे पोशाख तिने केले. मग नर्गिस. नर्गिसच्या ओळखीने ती राज कपूर यांच्या गोटात पोचली. भानुमतीचं, म्हणजे पुढच्या भानू अथैया यांचं, पदार्पण म्हणून १९५६ चा ‘सी.आय.डी.’ सांगितला जातो, आणि गुरुदत्त यांच्या संस्थेशी जुळलेला तो धागा पुढे ‘प्यासा’, ‘चौदहवीं का चाँद’, ‘साहिब बीबी और गुलाम’पर्यंत गेला. नादिराचा गाऊन मात्र त्याआधीचा आहे.

‘श्री ४२०’ हा कपड्यांवर उभा असलेला चित्रपट आहे. अलाहाबादहून मुंबईला आलेला राज लाँड्रीत कामाला लागतो. धुतलेले कपडे पोचवायला तो मायाच्या, म्हणजे नादिराच्या, घरी जातो. त्याची पत्त्यांतली हातचलाखी तिच्या लक्षात येते आणि ती त्याला भारी सूट चढवून क्लबात नेते. अंगावरचा कपडा बदलला की माणूस बदलला, असं मानणाऱ्या शहराची ही गोष्ट. विद्या शाळेत शिकवते, साध्या साडीत वावरते. माया गाऊनमध्ये. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पात्रांना नावंच अशी दिली की प्रेक्षकाला काही सांगायला लागू नये. क्लबातला झगमगाट विद्याला सोसत नाही, ती दुखावून निघून जाते, राज वळून बघू लागतो, आणि ‘मुड मुड के ना देख’ सुरू होतं. आशा भोसले आणि मन्ना डे यांचे आवाज, शंकर-जयकिशन यांचं संगीत, राधू कर्मकार यांचा कॅमेरा, एम. आर. आचरेकर यांचं कलादिग्दर्शन. आचरेकर हेही ज. जी.शी जोडलेले, नावाजलेले मराठी चित्रकार. म्हणजे त्या क्लबाचा सेट आणि त्या क्लबातल्या मायाच्या अंगावरचा कपडा, दोन्ही एकाच चित्रशाळेच्या वळणातून आले होते.

हा गाऊन नीट बघायचा तर आधी हे लक्षात घ्यावं लागतं की चित्रपट कृष्णधवल आहे. रंगाने काम होणार नव्हतं. जे काही सांगायचं ते चकाकीने आणि घडणीने. साडीचा पदर हलतो, तिच्या निऱ्या उलगडतात, शरीर त्या कापडाच्या आड राहतं. गाऊनमध्ये कापड शरीरावर बसवावं लागतं: छातीपाशी आणि कमरेला डार्ट, आत मजबूत अस्तर, बाजूला उघडायची सोय, चालायला लागेल तेवढाच घेर. नाचायचं असेल तर गाऊन ताणला जातो, शिवणीवर ताण येतो. कॅमेरा जवळ आला की एक चुकीची चुणी पडदाभर दिसते. दिव्यांच्या उजेडात चकाकणारं कापड कुठे पांढरंफटक दिसेल आणि कुठे काळं पडेल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. चित्रकाराची नजर इथे उपयोगी पडते. भानू अथैयांनी तोवर न्यूड आणि स्थिरचित्रं रंगवलेली होती. शरीराचा भार कुठे असतो, सावली कुठे पडते हे त्यांना ठाऊक होतं. नादिरा ज्या दिमाखात त्या गाण्यात चालते, त्या चालीचा अर्धा जोर त्या कपड्याच्या बेतण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि नादिरा. बगदादी ज्यू कुटुंबातली मुलगी. मेहबूब खान यांच्या ‘आन’मध्ये १९५२ साली राजकन्या म्हणून आली होती, नायिका म्हणून. ‘श्री ४२०’ने तिला अजरामर केलं आणि त्याच वेळी खलनायिकेच्या चौकटीत बसवलं. त्या गाऊनने तिच्या पुढच्या भूमिका ठरवल्या. तिच्यानंतर वीस-पंचवीस वर्षं हिंदी चित्रपटात असा गाऊन घातलेली बाई पडद्यावर आली की तिचं चारित्र्य प्रेक्षक आधीच ठरवून मोकळा व्हायचा. कपड्याला एवढं सामर्थ्य देणाऱ्या कलावंताचं नाव मात्र त्या प्रेक्षकाला माहीत नव्हतं.

याच काळात जगात असे गाऊन होत होते. कोलंबिया स्टुडिओसाठी काम करणाऱ्या जाँ लुई या डिझायनरने १९४६ च्या ‘गिल्डा’त रीटा हेवर्थला काळ्या सॅटिनचा बिनपट्ट्यांचा गाऊन दिला होता. त्याच जाँ लुईने १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोसाठी अडीच हजार खडे जडवलेला, अंगाच्या रंगाचा गाऊन केला, जो घालून तिने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाला गाणं म्हटलं. तो १९९९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात साडेबारा लाख डॉलरांच्या वर गेला, आणि २०१६ मध्ये ४८ लाख डॉलरांना रिप्लीज या संस्थेने घेतला. ऑड्री हेपबर्नसाठी जिव्हाँशीने केलेला ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’चा काळा गाऊन डिसेंबर २००६ मध्ये लंडनला ४,६७,२०० पौंडांना विकला गेला. हा व्यवहार आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. जिव्हाँशीने तो गाऊन ‘सिटी ऑफ जॉय’चे लेखक दोमिनिक लापिएर यांना दिला होता, आणि आलेले पैसे भारतातल्या गरीब मुलांच्या कामासाठी गेले. एका गाऊनने इथे शाळा उभ्या राहू शकतात, आणि इथले गाऊन मात्र गाठोड्यात कुजतात.

हॉलिवूडही आधीपासून शहाणं होतं असं समजू नका. १९७० मध्ये एमजीएम स्टुडिओने आपला सगळा पोशाखांचा साठा लिलावात काढला, अडगळ म्हणून. डेबी रेनॉल्ड्स या अभिनेत्रीने तेव्हा हाताला लागेल ते विकत घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं त्याचं संग्रहालय व्हावं म्हणून धडपडली. संग्रहालय झालं नाही. २०११ मध्ये तिला आपला संग्रह विकावा लागला, आणि त्यातला मन्रोचा, वाऱ्याने उडणारा तो पांढरा पोशाख एकटाच ४६ लाख डॉलरांच्या बोलीला गेला. म्हणजे एका बाईने हट्टाने सांभाळलं म्हणून ते उरलं. दुर्मीळ गाऊनचा इतिहास सगळीकडे असाच आहे. कोणीतरी एक माणूस ‘फेकू नका’ म्हणालेला असतो.

आपल्याकडे असं म्हणणारं कोणी फारसं का निघालं नाही, याचा मी बराच विचार केला आहे, आणि त्याचं उत्तर मला आपल्या घरातल्या ट्रंकेत सापडतं. आपण कापड जपतो. पैठणी जपतो, शालू जपतो, आजीची इरकल तिसऱ्या पिढीपर्यंत नेसतो. पण ते न शिवलेलं कापड आहे. सहावार असो की नऊवार, ती आईच्या अंगाला बसते तशी लेकीच्या आणि सुनेच्याही अंगाला बसते. म्हणून तिला वारस मिळतो. गाऊन एका अंगासाठी कापलेला असतो. त्या बाईचं वजन बदललं तरी तो तिलाही होत नाही. वारसाने घालावा असा तो नसतो, तो फक्त ठेवावा असा असतो, आणि नुसतं ठेवण्याची सवय आपल्या घरांना नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याकडे बघितलं की हे फार स्पष्ट दिसतं. वर परसवाड्याचं पठार. तिथल्या रानात बैगा बायका अंगभर गोंदवून घेतात. त्यांचा अलंकार कातडीवरच असतो आणि त्यांच्याबरोबरच जातो. पठाराखाली वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी. तिथल्या हातमागाच्या साडीला आणि कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भंडारा-नागपूरकडच्या विणकरांशी नातं सांगणारा तो माग आज कागदोपत्री सुरक्षित झाला, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. परंपरा म्हणून चालत आलेल्या वस्त्राला ओळख द्यायची व्यवस्था आपण उभी केली. पण एकाच कलावंताने, एकदाच, एकाच बाईसाठी केलेला कपडा कुठे नोंदवायचा? त्याला जिल्हा नाही, त्याला जमात नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा, त्यात पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात. नादिराचा १९५५ चा गाऊन त्या हिशोबाने २०५५ मध्ये पुरावस्तू झाला असता.

मुंबईच्या चित्रपटधंद्यात तर कपड्याचं आयुष्य त्याहून कमी. पोशाख खातं असतं, ड्रेसमन असतो, बाहेरचे ड्रेसवाले असतात. चित्रपट संपला की नायिकेचा पोशाख पुढच्या चित्रपटात नाचणाऱ्या मुलीच्या अंगावर जातो. तिला होत नाही म्हणून शिवणी उसवतात, गळा खाली घेतात, टिकल्या काढून दुसऱ्या कपड्याला लावतात. यात कुणाचा दोष नाही. कापड महाग होतं, पोट चालवायचं होतं. पण असं चार वेळा झालं की मूळ कपड्याचा पत्ता उरत नाही. आणि गाऊन हा नायिकेचा नसून ‘व्हॅम्प’चा, म्हणून त्याला तर आठवणीच्या कपाटातही जागा नव्हती. लग्नातला शालू घरात ठेवतात, क्लबातला गाऊन कोण ठेवणार?

वर मुंबईची हवा. जुन्या टिकल्या कधी जिलेटिनच्या असत, ओल आणि उष्णता लागली की त्या विरघळून कापडाला चिकटतात. मण्यांचं जड काम असलेला गाऊन हँगरला टांगला की आपल्याच वजनाने खांद्यापाशी फाटतो. वजन यावं म्हणून धातूचे क्षार चढवलेलं जुनं रेशीम वर्षांनी घडीघडीवर तडकतं. म्हणून असे कपडे आडवे ठेवायचे असतात, घड्यांमध्ये आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या भरायच्या असतात, डांबरगोळ्या जरीला लागू द्यायच्या नसतात, इस्त्री आणि ड्राय-क्लीनिंग दोन्ही टाळायचं असतं. धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळलं तरी घरात पुष्कळ भागतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्त्रांच्या जतनाचं शास्त्रोक्त काम चालतं. ज्ञान आपल्याकडे आहे. आपण ते पैठणीसाठी वापरतो, आणि गाऊनसाठीही वापरायला हवं.

जपलेला कपडा पुन्हा घालायचा की नाही, हाही प्रश्न जगात आता ऐरणीवर आला आहे. मे २०२२ मध्ये किम कार्दाशियन मन्रोचा तो केनेडी-गाऊन घालून न्यूयॉर्कच्या मेट गालाला गेली. संग्रहालयशास्त्रातली माणसं हादरली. ऐतिहासिक कपडे कोणीही अंगावर घालू नयेत, असं संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यानंतर स्पष्ट म्हटलं. मला हे पूर्ण पटतं. मूळ अंगासाठी कापलेला गाऊन दुसऱ्या अंगावर ताणला की त्याच्या शिवणीत लिहिलेली माहितीच पुसते. आपल्या ड्रेसवाल्यांनी गरजेपोटी जे केलं, तेच तिथे झगमगाटासाठी झालं.

भानू अथैयांचं पुढचं काम सगळ्यांना माहीत आहे. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. ‘वक्त’मधला साधनाचा घट्ट चुडीदार आणि ‘ब्रह्मचारी’ या १९६८ च्या हिंदी चित्रपटातली मुमताजची शिवलेली नारिंगी साडी रस्त्यारस्त्यांवर उतरली. मुमताजची साडी मला त्या गाऊनची थेट वंशज वाटते. साडीच ती, पण अंगावर बसवलेली, नाचताना न सुटणारी. तेरा वर्षांपूर्वी गाऊनमध्ये जे साधलं ते इथे साडीत साधलं. मग रिचर्ड अॅटनबरो यांचा ‘गांधी’. जॉन मोलो यांच्यासह ११ एप्रिल १९८३ रोजी ऑस्कर, आणि ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार. २०१० मध्ये त्यांनी आपल्या कामावर सविस्तर इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि पोशाखरचना ही अभ्यासाची गोष्ट आहे हे पानोपानी दाखवून दिलं.

२०१२ मध्ये त्यांनी एक गोष्ट केली. आपला ऑस्कर पुतळा त्यांनी लॉस एंजेलिसच्या अकादमीकडे परत पाठवला. तो तिथेच सुरक्षित राहील, असं त्यांना वाटलं. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेलं होतं, त्याचा दाखला त्यांनी दिला. ज्या बाईने साठ वर्षं या देशाच्या पडद्याला कपडे घातले, तिला आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वस्तू ठेवायला या देशात जागा दिसली नाही. तेव्हा यावर थोडी चर्चा झाली आणि संपली. मला ती गोष्ट आजही बोचते. पाच वर्षांनी आर. के. स्टुडिओ जळाला तेव्हा त्यांची भीती किती खरी होती हे दिसलं.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत भानू अथैया गेल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या प्रिन्सेप्स या लिलावगृहाने त्यांच्या संग्रहाचा लिलाव केला. चित्रं आणि रेखाटनं जगासमोर आली, आणि ज. जी.मधली ती तरुण चित्रकार नव्याने लोकांना भेटली. त्यांनी कागद जपले होते. आपल्याकडे पोशाखकाराचा कागद जपला जाणं हीच मोठी गोष्ट. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. संग्राहकाच्या दृष्टीने रेखाटन महत्त्वाचं खरं, पण शिवलेला गाऊन त्याहून दुर्मीळ. कागदावर कल्पना असते. गाऊनमध्ये ती कल्पना, कापणाऱ्या मास्टरजींची कात्री, टिकल्या लावणाऱ्या कारागिराची बोटं आणि घालणाऱ्या बाईचा देह, हे सगळं एकत्र असतं.

मुंबईत २०१९ पासून भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी पोशाखांसाठी स्वतंत्र, तापमान आणि ओल सांभाळणारं दालन व्हावं, आणि त्याला भानू अथैयांचं नाव द्यावं. कोल्हापूरने तर यात पुढाकारच घ्यायला हवा. ज्या शहराने ही कला पोसली त्या शहरात तिचं एक छोटं तरी घर असावं.

आणि तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कोणी चित्रपटांच्या कपड्यांचं काम केलेलं असेल, शिवणकाम असो, भरतकाम असो, ड्रेसमनचं असो, तर त्यांच्याकडे उरलेला एखादा गाऊन, झगा, जाकीट, निदान मापांची वही बघा. उसवू नका, धुवू नका, कोणाला घालायला देऊ नका. आडवं ठेवा. कोणत्या चित्रपटासाठी, कोणी कापलं, कोणी घातलं, कोणत्या साली, हे एका कागदावर त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्या, तो कागद त्या कपड्याबरोबर ठेवा, आणि मग जवळच्या संग्रहालयाला कळवा. ती माणसं आता थकलेली आहेत. हे काम याच वर्षी करा.